गणिताला परत बसणं

माझं शिक्षण चौथी. त्यातले शेवटचे दोन महिने मी शाळेत नव्हतोच, चुलत्याच्या हाताखाली दगड घडवत होतो, तरी मास्तरांनी पास केलं. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना कोणी कीव करायला नको. त्या चौथीच्या जोरावर साताऱ्याकडून येऊन मी नेरूळला अकरा इमारती उभ्या केल्या. मजूर म्हणून नव्हे, मिस्त्री म्हणून. माझी भिंत ओळंब्याला कधी कमी पडली नाही. इंजिनियर साहेब कागद घेऊन यायचे आणि शेवटी मलाच विचारायचे, मिस्त्री, कोपरा गुण्यात आहे ना, बरोबर काटकोनात?

मुलगी एकच. तिला शिकवायचं ठरवलं होतं. बारावीला शास्त्र शाखा घेतली आणि गणितात नापास झाली. एकोणतीस मार्क. पासाला सहा कमी. बाकी सगळे विषय सुटले होते. ती म्हणाली, ऑक्टोबरला परत बसते, एवढा एकच विषय आहे. फॉर्म भरून आणला, पालकाची सही तेवढी राहिली होती. मी सही केली नाही. म्हणालो, चौथी शिकलेला माणूस सात-सात मजले चढवतो, आणि तुला पुस्तक समोर ठेवून जमत नाही? गणितात अवघड ते काय असतं? त्याच हिवाळ्यात कामोठ्याचं स्थळ आलं आणि लग्न लावून दिलं. जावई चांगला निघाला. त्याबद्दल तक्रार नाही.

तक्रार असलीच तर माझ्या जिभेबद्दल असेल. ते एक वाक्य मी नंतरही सोडलं नाही. सोसायटीत कुणाची पोरगी इंजिनियर झाली, पेढे आले, की मुलीच्या देखत म्हणायचं, तू अभ्यास केला असतास तर. गेल्या दिवाळीत ती करंजाड्याला आमच्याकडे आली होती. जेवताना मी तेच बोललो. ती आमटी वाढत होती. वाटी भरून माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाली, "अण्णा, अठ्ठावीस वर्षं ऐकतेय. एकदा तुम्ही बसून बघा ना."

आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं, मी दोन शब्द सुनावून विषय संपवला असता. मी म्हणालो, बसतो. कुठं बसायचं सांग.

तिनं मोबाईलवर शोधून काढलं. एका कॉलेजचा बीजगणिताचा ऑनलाईन कोर्स, मराठीतून, बारा आठवडे. वयाची अट नाही, शिक्षणाचीही नाही. शेवटी घरूनच परीक्षा, कॅमेऱ्यासमोर. मी तिला बजावलं, पास झालो तर कबूल करायचं की तुझाच अभ्यास कमी पडला होता.

"आणि नापास झालात तर?"

"होणार नाही."

तिनं तिचा जुना लॅपटॉप आणून दिला. खिडकीजवळच्या स्टुलावर माझी शाळा भरली. आमची ही स्वयंपाकघरातून म्हणाली, "मास्तरला भिऊन शाळा सोडलेला माणूस, आता मास्तर घरात आणून बसवलाय. छडी आणू का?"

शिकवणाऱ्या बाई माझ्या नातीच्या वयाच्या. प्रत्येक गणिताआधी म्हणायच्या, हे तर अगदी सोपं आहे. मी तिथंच थांबवायचो. मागं न्यायचो, परत सोपं आहे, परत थांबवायचो. त्यांच्या तोंडून ते वाक्य ऐकताना मला दर वेळी माझाच आवाज ऐकू यायला लागला. पहिल्या आठवड्यात अक्षरं आली. आकड्यांच्या जागी अक्षर घालायचं, ते किती आहे ते कोणालाच माहीत नाही, आणि तरी त्याची बेरीज-वजाबाकी करत राहायचं. मी जन्मात न मोजलेल्या विटांचा हिशोब लावला नाही. तरी म्हटलं, असेल, त्यांची रीत असेल.

मग वजा आकडे आले. वजाला वजानं गुणलं की अधिक होतं म्हणे. मी वहीवर खड्डा काढून बघितला. जमिनीखाली तीन फूट खणलं, आणखी खणलं, तर खड्डा खोलच जाणार, वर कसा येईल? बाईंना विचारायची सोय नव्हती. त्या बोलून मोकळ्या झाल्या होत्या, बोलणं आधीच भरून ठेवलेलं. मुलीला फोन करायला जीभ रेटेना. मग नियम पाठ केला. दर आठवड्याच्या चाचणीत दहातले तीन, दहातले चार, तेही लाल अक्षरात. ती फोनवर विचारायची, कसं चाललंय? मी सांगायचो, चाललंय.

एकच दिवस चांगला गेला. काटकोन त्रिकोणाचा धडा लागला. एक बाजू तीन, दुसरी चार, तर तिरकी बाजू पाच. अरे, हे तर मी आयुष्यभर दोरीनं करत आलो. पाया आखताना एका अंगाला तीन फूट, दुसऱ्या अंगाला चार, तिरकं पाच भरलं की कोपरा गुण्यात आला. मी उठलो, सुतळी घेतली आणि हिला हॉलचा कोपरा मापून दाखवला. साडेचार बोटं तिरका निघाला. आजकालची कामं. ही म्हणाली, "चाळीस वर्षं हेच करत होता की, मग आता बाई काय नवीन शिकवतेय?" मी तेवढ्याच खुशीत खाली दिलेली उदाहरणं उघडली. तिथं तिरकी बाजू दिली होती आणि खालची काढायची होती. दोरी माझ्या हातात तशीच राहिली. एकही सुटलं नाही.

आठव्या आठवड्यापासून थोडा धीर आला. दोन आकडे शोधायचे, बेरीज पंधरा यायला हवी आणि गुणाकार छप्पन्न. ते मला लगेच यायचं, कारण मास्तरांनी चौथीपर्यंत पाढे घोकून घेतले होते, पावकी-निमकीसकट. साती आठी छप्पन्न. पण आमचे पाढे डोक्यात नसतात, ते तोंडात असतात. तोंड हललं की येतात. आणि बोटांच्या पेरांवर अंगठा फिरला पाहिजे. लिहायचं म्हटलं की मी खाली हाताकडे बघत पुटपुटायचो, उत्तर आपोआप यायचं. मला वाटलं, एवढ्यावर पासापुरते मार्क पडतील.

परीक्षा सकाळी अकराची होती. मुलीनं आदल्या दिवशी येऊन सगळं समजावलं. खोलीत दुसरं माणूस नको, दार बंद, पुस्तक नको, चेहरा कॅमेऱ्यात दिसला पाहिजे, बोलायचं नाही. मी म्हटलं, एकटाच असणार, बोलणार कोणाशी? हिला शेजारी पाठवलं. धुतलेला शर्ट घातला. साइटवर स्लॅबच्या दिवशी घालायचो तसा.

पहिली चार गणितं गेली. पाचवं आलं तसे पाढे सुरू केले. पडद्यावर एक चौकट आली, इंग्रजीत. मी ती मिटवली. आठ त्रिक चोवीस, तर फरक पाच. फरक बरोबर येतो, पण वजा कोणाला लावायचं, आठाला की तिनाला? दुसरी चौकट आली. तीही मिटवली. परत पहिल्यापासून पाढा धरला, पेरांवर अंगठा, नजर हातावर. मान वर केली तेव्हा प्रश्नच नव्हते. पांढऱ्या पडद्यावर दोन ओळी. मला वाटलं नेट गेलं.

फोटो काढून मुलीला पाठवला. तिचा फोन यायला वेळ लागला. तिनं वाचून सांगितलं. परीक्षा बंद केली आहे. विद्यार्थी सतत कोणाशी तरी बोलत होता आणि नजर वारंवार खाली होती. कॉपीचा संशय.

हा शब्द मला आयुष्यात कोणी लावला नव्हता. दुसऱ्याच्या साइटवरची थापीसुद्धा मी कधी उचलली नाही. मी फोन ठेवून दिला.

दुपारी ती रिक्षा करून कामोठ्याहून आली. तोवर हीही घरी परतली होती. मुलीनं लॅपटॉप पुढं ओढला. म्हणाली, खाली पर्याय आहे. सात दिवसांत खुलासा लिहून द्यायचा, की मी पाढे म्हणत होतो. मग ते परत बसू देतात. मी म्हणालो, मी काही केलेलं नाही, मी कोणाला खुलासा देणार नाही. ही म्हणाली लिहा की चार ओळी, काय झिजणार आहे. मी म्हणालो, नाही म्हणजे नाही.

मुलीनं पडद्यावरच्या त्या पर्यायावर बोट ठेवलं. मग म्हणाली, "अण्णा, ते परत बसायला देतायत."

एवढंच. त्यात टोमणा नव्हता. मी खूप शोधला, नव्हता. पण मला ती अठरा वर्षांची दिसली, नेरूळच्या खोलीत दाराशी उभी, हातात फॉर्म, आणि माझ्या शर्टाच्या खिशाला पेन. सही करायला मला तेव्हाही येत होती. चौथीत तेवढं तर शिकलोच होतो.

माझी वही उघडीच होती. पाचवं गणित मी घरी आठवून लिहून ठेवलं होतं, कुठं अडलं ते बघायला. तिनं ते बघितलं. खुर्चीवर बसलीसुद्धा नाही. उभ्या उभ्या माझी पेन्सिल घेतली, दोन ओळी लिहिल्या.

"आठ, नाहीतर वजा तीन," ती म्हणाली. "फोड करताना वजा मोठ्याला लावायचं, उत्तरात चिन्हं उलटतात."

मी विचारलं, तू हे कुठं बघून ठेवलंस? तेव्हा ती पेन्सिल वहीत ठेवून म्हणाली, "मला हे तेव्हाही येत होतं, अण्णा. पेपर हातात आला आणि हात थरथरायला लागले. एवढंच झालं होतं."

मग तिनं चहा टाकला, आईच्या गुडघ्याची चौकशी केली आणि संध्याकाळच्या आत गेली. तिला घरी स्वयंपाक होता.

ते सात दिवस मी रोज स्टुलावर बसलो. शिकवण्या उघडल्या नाहीत. नुसता विचार केला, कुठल्या बाजूनं गेलो तर माझं खरं ठरेल. परत बसून पास झालो, तर तीही ऑक्टोबरला पास झाली असती. परत बसून नापास झालो, तर गणित अवघडच होतं. आणि बसलोच नाही, तर मला भीती वाटली, जशी तिला वाटली होती. एवढ्या इमारती बांधल्या, पण यातून निघायला एक दार सापडेना. एकदा पेन काढून तिच्या त्या दोन ओळींखाली सही करावी असं मनात आलं. करून काय होणार होतं. तिचं वय शेहेचाळीस. पेन परत खिशाला लावलं.

सातव्या दिवशी सकाळी तिचा फोन आला. "खुलासा लिहिलात का?"

मी म्हणालो, नाही.

मला वाटलं, आता बोलेल. अठ्ठावीस वर्षांचं सगळं बोलेल, आणि मी ऐकून घेईन. तेवढी तयारी करून मी स्टुलावर सरळ बसलो होतो.

"बरं," ती म्हणाली. "बीपीची गोळी घेतली का?"

घेतली, म्हणालो.