रुखवतातले सहा चकणे वाघ

उशिरा लिहितोय, रागावू नका. गोकाकच्या धबधब्याचं माझं मागचं लिखाण वाचून "आबा, पुढची सहल कुठं?" असं विचारणाऱ्यांना मी लग्नाच्या गडबडीचं कारण सांगून टाळत होतो. खरं म्हणजे बेळगावची ही फेरी लग्न पार पडेपर्यंत कुणाला कळू द्यायची नव्हती.

आमची नात प्राजक्ता बेळगावात राहते. उद्यमबागेतल्या एका कारखान्यात यंत्रांची ड्रॉइंगं काढते आणि सुट्टी मिळाली की दांडेलीच्या जंगलात पळते. सुईत दोरा ओवायची वेळ तिच्यावर कधी आलीच नाही. पण सुपारी फुटली त्या दिवशी नवऱ्या मुलाच्या कंग्राळीच्या आत्यानं विचारलं, "पोरीला भरतकाम येतं का हो?" कुणी काही बोलायच्या आत माझं तोंड सुटलं, "येतं की! रुखवतात बघाच. वाघ भरलेल्या उशा असतील."

वाघ कुठून आला ते मलाही माहीत नाही. घाबरलो की मी जास्त बोलतो. सातवीत शाळा सुटली, पण ही खोड सुटली नाही.

नंतर कळलं, या आत्याबाई रुखवतातली वस्तू पुढून बघतच नाहीत. उलटी करतात आणि मागचे टाके बघतात. भर मांडवात माझ्यामुळं पोरीची मान खाली जाणार, या विचारानं मला घास गिळेना. शेवटी बायकोच म्हणाली, "असं झुरत काय बसलासा? चला बेळगावला, मशीनवर भरून आणू."

"आणि प्राजूला काय सांगायचं?"

"तिला कशाला सांगताय? ती खरं बोलती."

आमच्या निपाणी स्टँडवरून बेळगावला लाल बस सारख्या असतात. दोनेक तास धरून चाला. कर्नाटकात बायकांना प्रवास फुकट, फक्त आधार कार्ड जवळ ठेवा. पुरुषांनी मुकाट्यानं पैसे काढावेत. बायकोनं शून्याचं तिकीट घेतलं आणि खिडकी धरली. मी म्हटलं, "फुकटवाल्यांना खिडकी न्हाय."

"तुम्ही पैसं मोजल्यात न्हवं? मग सगळी बस तुमचीच की. कुठंबी उभं ऱ्हावा."

तवंदी घाट छान दिसतो म्हणतात. मी डोळे मिटून होतो, ब्रेकचा भरवसा काय सांगावा. पुढं हायवे रुंद करायचं काम चाललंय. धूळ लई, खिडकी लावून घ्या. बेळगावात उतरलो आणि स्टँडसमोर इडली-वडा खाल्ला. सांबार मागाल तेवढं देतात. मग रिक्षानं वडगावला. भाडं बसायच्या आधी ठरवा, बसल्यावर वाढतं.

वडगावच्या गल्लीत पूर्वी घरोघर मागांची खडखड असायची. अजून आहे, पण मधूनच आता एम्ब्रॉयडरीच्या मशीनची टकटक ऐकू येते. वीरेश नावाच्या माणसाच्या शेडमध्ये असं एक लांबलचक मशीन होतं. त्याला सहा डोकी. चित्र कॉम्प्युटरवर एकच, पण सहा सुया सहा कापडांवर एकदम चालतात. भिंतीवर नमुने टांगलेले होते. पडद्यावर हरणांचा कळप, बेडशीटवर धनेश पक्षी, पोरांच्या शर्टावर बिबट्या.

"जंगल लई चालतंय बघा आता," वीरेश म्हणाला. "सोफ्याला गवा घाला. भारी दिसतोय."

"वाघच पाहिजे. पण पट्टे कमी."

"का ओ?"

"टाक्यावर दर म्हणालात न्हवं?"

"पट्टे कमी केले तर कुत्रं होतंय ओ, आजोबा!"

मग त्यानं आधी एक वाघ भरून दाखवला. मिशीचा केसन्‌केस सारखा, मागची बाजू खालच्या दोऱ्यानं साफ पांढरी. हे माणसाच्या हातचं काम आहे असं आंधळाही म्हणाला नसता. मागं अस्तर लावून घ्यायचं ठरलं. राहिली पुढची बाजू. मी हळूच म्हटलं, "जरा कुठंतरी चुकवा की."

वीरेशचा चेहरा पडला. "माझं मशीन चुकत न्हाय."

"म्हणूनच सांगतोय!"

बायकोनं समजूत काढली, "अण्णा, मशीनसाठी नगं, या म्हातारीसाठी चुकवा."

कुरकुरत त्यानं कॉम्प्युटरवर वाघाचा डावा डोळा नाकाकडं सरकवला आणि मशीन चालू केलं. नेमका तेव्हाच प्राजूचा फोन.

"आबा, कसला आवाज हो?"

"गिरणीत आलोय."

"मग आज्जीला द्या."

"ती... दळतीया."

परतताना कुंदा घेतला, बेळगावची खव्याची मिठाई. तुम्हीही घ्या, पण आधी चाखून. काकती मागं पडल्यावर बायकोनं पिशवी उघडली, सहाही वाघ मांडीवर पसरले.

"अवो, माणूस चुकतंय. पण सहा येळा तीच चूक, तीबी दोऱ्याएवढीसुद्धा फरक न करता?"

सहा वाघ, सहाही डाव्या डोळ्यानं चकणे. परत जावं तर वीरेशच्या मशीनवर दुसऱ्या दिवसापासून शाळेच्या युनिफॉर्मचं काम लागणार होतं, आणि लग्न तोंडावर आलेलं.

लग्नादिवशी मी उशा एकावर एक रचल्या. वर एकच वाघ दिसेल अशा, आणि शेजारी 'वधूने स्वहस्ते केलेले' ही पाटी. आत्याबाई आल्या. सवयीप्रमाणं वरची उशी उलटी केली.

"अस्तर कशाला?"

"थंडीसाठी," मी म्हटलं.

"वाघाला थंडी वाजती व्हय?"

मग त्यांनी सगळ्या उशा उचलून ओळीनं मांडल्या. सहा वाघ सगळ्या वऱ्हाडाकडं तिरकं बघायला लागले. "काय गं पोरी," आत्याबाई मोठ्यानं म्हणाल्या, "सहाच्या सहा एकाच डोळ्यानं चकणे कसे?"

प्राजूनं उशा पाहिल्या, पाटी वाचली आणि मग माझ्याकडं पाहिलं. मी खांबामागं सरकत होतो. आता पोर खरं बोलणार, असं वाटलं.

"माझं असंच हाय, आत्या," ती म्हणाली. "एकदा चूक केली की मी मधेच सोडत न्हाय. शेवटपर्यंत निभावते."

आत्याबाई भाच्याकडं वळल्या. "ऐकलंस न्हवं? सुटलास रं बाबा! तू केवढीबी मोठी चूक असलास, तरी ही तुला मधेच सोडायची न्हाय."

मांडव हसून हसून दमला. जाता जाता आत्याबाई माझ्या कानाशी म्हणाल्या, "अस्तर मात्र झकास लावलंय कुणीतरी." आणि पाठवणीच्या वेळी, सगळे रडत असताना, प्राजू माझ्या पाया पडून म्हणाली, "आबा, पुढच्या खेपेला खोटं बोलायच्या आधी मला एक फोन करा. जोडीनं बोलू."

आता घरी येऊन निवांत बसावं, तर तेही नशिबात नाही. बेळगावची सहल कशी झाली म्हणाल तर रस्ता बरा, वडे चांगले, वीरेशचं काम अव्वल. पोरीची मान ताठ राहिली, ती माझ्यामुळं नव्हे, मी असूनसुद्धा. हे डोक्यातून जात नाही. त्यात आत्याबाईंनी सुनेला फर्मावलंय, दिवाळीला एक वाघ त्यांच्यासमोर बसून भरायचा. आणि प्राजू हसत हो म्हणून बसली! काल तिनं सरावाचा फोटो पाठवला. बायको म्हणते बेडूक आहे. मला सुतळीचा गुंता वाटला.

तेव्हा बेळगावच्या बाजूला हातानं भरतकाम शिकवणारी कुणी बाई तुमच्या माहितीत असेल, तर हातातलं काम टाकून मला कळवा. वाघच झाला पाहिजे असं नाही. मांजरापर्यंत पोचली तरी पुढचं ती बोलून निभावेल.