बाळंतिणीचा फोटो

पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून मी झरीला आले. नवरा पुण्यात कंपनीत. लेक झाली तेव्हा येऊन तिचं तोंड बघून गेला. मागं उरले मी, बाज आणि बाजेखालची शेगडी. लेकरू कुशीत असताना माणसाला इतकं एकटं वाटतं, हे मला कुणीच सांगितलं नव्हतं.

सव्वा महिना लेकराचा फोटो काढायचा नाही, दृष्ट लागते, हा आईचा कायदा. नवऱ्याचा मात्र रोज धोशा, फोटो पाठव. एकदा शेक घेऊन झाल्यावर मी माझाच काढून पाठवला. डोक्याला घट्ट फडकं, कानात कापूस, गालांवर वांग, गाउनवर दुधाचा डाग. बरी आहेस का, एवढं तरी विचारील असं वाटलं. उत्तर आलं, ‘काय अवतार केलायस! बाळाचा पाठव.’ मला रडू फुटलं, तेवढ्यात लेकीला भूक लागली, म्हणून रडणंही अर्धवट राहिलं.

सव्वा महिना सरल्यावर बारसं केलं, त्याला पूर्णेहून फोटोग्राफर आला. आईनं पैठणी नेसवून मला पाळण्यापाशी उभं केलं. “ताई, पोट जरा आत घ्या अन् बाळाकडं बघून हसा,” म्हणाला. टाके ओढत होते. ते पोट माझं ऐकतंय होय! तरी हसले. अल्बम आला तर वांग नाही, डोळ्यांखालचं काळं नाही, कंबर तर लग्नातल्यापेक्षा बारीक. शेजारणी कौतुकानं म्हणाल्या, “बाळंतीण वाटतच न्हाई की गं!” नवऱ्यानं लगेच तो फोटो स्टेटसला ठेवला. मला त्या फोटोतल्या बाईचा मनापासून राग आला. कळा सोसल्या मी आणि मिरवायला ही!

त्या अल्बममध्ये आईनं माझ्या तान्हेपणीचा एकुलता एक फोटो आणून ठेवला. दुपट्यातली मी, आणि मला धरलेले हिरव्या बांगड्यांचे दोन हात. बाकी बाई चौकटीबाहेर. लहानपणी आईचे म्हणून त्या हातांवरून मी कितीदा बोट फिरवलं होतं.

“किती बारीक होतीस गं तू,” मी म्हटलं.

“ते हात माझे न्हाईत. तुझ्या आत्याचे हायेत,” आई म्हणाली. “तुला अंगणात नेलं व्हतं फोटोला. मी आत बाजंवर. बाळंतिणीचा अवतार कोण काढतंय फोटोत?”

मोबाइलमधला तो फडकं बांधलेला फोटो काढून मी तिच्यापुढं धरला. तिनं चष्मा लावला. कितीतरी वेळ बघत राहिली.

“लय एकटी दिसायलीस गं,” ती म्हणाली. मग फडक्याच्या गाठीवर तिनं बोट ठेवलं. “मी बी अशीच व्हते. हा मला कागदावर काढून दे. कुणी इचारलं तर सांगीन, माझाच हाय म्हणून.”