किचनवाला फ्लॅट आणि घरमालकिणीचा प्रश्न

मंडळी, एक प्रश्न डोक्यातून जात नाहीये.

पुढच्या महिन्यात मी आणि माझा नवरा निखिल कॅरिबियनमधल्या एका बेटावर स्कूबा डायव्हिंगला चाललोय. टूर नाही, सगळं आपलं आपण. राहायला डायव्हिंग रिसॉर्ट सोडून गावाबाहेरचा फ्लॅट मी निवडला, कारण त्याला किचन आहे. निखिलला दहा दिवस वरणभाताशिवाय जमत नाही.

आज इथे इंग्लंडमध्ये, बेसिंगस्टोकच्या ऑफिसमधून लंच ब्रेकला घरमालकिणीला फोन केला. प्रेशर कुकर चालेल का, एवढंच विचारायचं होतं. ती हो म्हणाली. मग सहज म्हणाली, "रिसॉर्टवाले पाण्यात गेलेल्यांची नावं लिहून ठेवतात. तुम्ही दोघं परत आला नाहीत, तर कळणार कोणाला?"

फोन ठेवून मी लगेच निखिलला लावला.

निखिल म्हणतो, "अगं, मी असेन ना तुझ्याबरोबर." पण तोही पाण्याखालीच असणार.

पुण्याला आईला सांगितलंय की नुसतं बीचवर जातोय. तिच्या "पोचल्यावर फोन कर"वर मी आजवर चिडत आले. आज पहिल्यांदा वाटतंय, कोणीतरी त्या फोनची वाट बघत असावं.

तुम्ही काय केलं असतं? रिसॉर्ट घेतलं असतं, की आईला खरं सांगितलं असतं?