काढून दाखव

साफी बंदराच्या फाटकालगत मिलूदाचं रबरी कपड्यांचं दुकान होतं. बाई आडव्या हाडाची, तोंडाची फाटकी. गिऱ्हाईक आलं की त्याला विजार, डगला, गुडघ्याएवढे बूट सगळं चढवायला लावायची. मग वल्ह्याचं दांडकं उगारून ओरडायची, "पडलास पाण्यात! काढ!" एका दमात बूट झटकून विजार खाली आली नाही, की नडगीवर दांडकं बसायचंच. बूट दोन बोटं सैल, विजार बुटाच्या बाहेरून, पट्टे एका हिसक्याला सुटणारे, असलाच माल ती ठेवायची. तिचा नवरा पाण्यानं भरल्या बुटांनिशी बुडाला होता. बंदरातली माणसं तिला मानानं 'लाल्ला' म्हणायची, आणि दांडकं खाऊन, लंगडत का होईना, तिच्याकडूनच घ्यायची.

तिचा धाकटा भाऊ अल्लाल आमच्या तारली मासळीच्या बोटीवर जाळं ओढायचा. खाऱ्या पाण्यानं त्याच्या मांड्या फोडांनी सडल्या होत्या. त्या हिवाळ्यात त्यानं दुसऱ्याच दुकानातून छातीपर्यंतचा अखंड सूट घेतला, बूट खाली चिकटवलेलेच. मिरवत धक्क्यावर आला.

"काढून दाखव," मिलूदा म्हणाली.

"आधी बघ तरी, लाल्ला. थेंब शिरत न्हाई."

"शिरला तर निघतबी न्हाई. काढ!"

अल्लाल एका पायावर नाचला, वाकला, उताणा पडला. बूट काही निघेना.

"कातडं सोलायला खाटीक बोलवा रं!" एक हमाल ओरडला, आणि सगळा धक्का हसला.

दांडकं नडगीवर बसलं, बरगडीवर बसलं. मग मिलूदानं सूट फाडायला सुरी काढली. अल्लालनं तिचा हात पिरगाळला, सुरी पाण्यात भिरकावली आणि सख्ख्या बहिणीच्या तोंडावर ठोसा घातला. ती दात थुंकली.

"कोरडा मर, जा!"

तो तसाच बोटीवर चढला.

पहाटे जाळं वर येत असताना आडवी लाट बसली अन् अल्लालला घेऊन गेली. आम्ही दोर टाकला, त्यानं तो धरला. पण सूट छातीपर्यंत पाण्यानं भरलेला. पाण्यात होता तोवर तरंगत होता. वर ओढायला गेलो तर मेलेला बैल ओढावा तसं वजन. आम्ही पाचजण ओढतोय, आणि दर लाट त्याला बोटीवर आपटतेय. त्याचा खांदा मोडला, तो आवाज आम्ही ऐकला.

आमचा रईस हमादी, म्हणजे बोटीचा कप्तान, काठावरून उलटा लोंबकळला. आम्ही त्याच्या पायांवर बसलो. त्यानं सूटच्या मांडीवर सुरा मारला. रबर फाटेना. पुन्हा मारला, सुरा घसरला.

"त्येचा पाय जाईल, रईस!"

"पाय ऱ्हाऊ दे समुद्रात, मानूस वर घ्या!"

दोन्ही हातांनी त्यानं सुरा खुपसला आणि खाली ओढला. पाणी भसाभसा निघालं, लाल. तेव्हा कुठं अल्लाल काठावरून आत आला.

धक्क्यावर मिलूदा उभीच होती, ओठ सुजलेला. भावाच्या मांडीवरची फडकी उचलून तिनं पाहिलं. आत हाड दिसत होतं. तिनं रईसची गचांडी धरून त्याला भिंतीवर आपटलं.

"एवढा खोल कशापायी घातलास, मुडद्या?"

"माल चांगला व्हता, लाल्ला," रईस धापा टाकत म्हणाला. "लई चांगला. फाटतच नव्हता."

तिनं हात सोडला. भावाला पाठुंगळी घेतलं आणि दवाखान्याकडं निघाली. तो कण्हत होता, ती वाटभर त्याला शिव्या देत होती.