ससाणे मोजणारा ड्रायव्हर

आमच्या गल्लीतल्या कनीजचा मला हेवा वाटायचा. हेवा कसला, अंगाचा तिळपापड व्हायचा! बाई वाईट असती तर चार शब्द सुनावून मोकळी झाले असते. पण ती चांगली होती, ब्लाउज शिवायची, ईदला आठवणीने शीरखुर्मा पाठवायची. अशा बाईशी भांडायचं तरी कसं?

आमचे हे, सुकदेवराव, भुसावळला मालगाडीचे ड्रायव्हर होते. सगळी नोकरी डोळ्यांच्या जोरावर. इंजिनात पद्धत अशी की सिग्नल दिसला की एकाने मोठ्याने म्हणायचं, "हिरवा!" आणि सोबत्याने स्वतःच्या डोळ्यांनी बघून तेच म्हणायचं, "हिरवा!" न बघता हाकेला हाक देणं म्हणजे गुन्हाच. हे खूळ घरीही आलं. मी स्वयंपाकघरातून म्हणायचे, "चहा झाला!" की बाहेरच्या ओट्यावरून ह्यांचा आवाज यायचा, "चहा झाला!" "गॅस संपला!" "गॅस संपला!" शेजारीपाजारी हसायचे. मी वरवर चिडायचे, पण मनातून आवडायचं मला. किती बायकांचं बोलणं नवऱ्याच्या कानापर्यंत तरी पोचतं?

रिटायर झाल्यावर आम्ही चाळीसगावला आलो. जळगावचे काही पक्षिमित्र पाटणादेवीच्या वरच्या डोंगरावर यायचे. पावसाळा सरला की उत्तरेकडून शिकरे, ससाणे, गरुड येतात. ऊन तापलं की घिरट्या घालत उंच चढतात आणि मग एकामागून एक दक्षिणेकडे निघून जातात. ते पक्षी ही मंडळी मोजायची. हे एकदा हौसेने गेले ते तिथलेच झाले. सोबतीला कनीज. तिच्या माहेरी कबुतरं होती, त्यांच्यावर शिकरे झडप घालायचे, त्यामुळे लहानपणापासून तिची नजर आभाळात. जप मोजायचं बटणाचं छोटं यंत्र असतं ना, आपल्या सासूचं ते तिने ह्यांना दिलं. पक्षी दिसला की हे बटण दाबणार.

तेव्हापासून घरातली हाक बंद पडली. "चहा झाला" म्हटलं तर नुसतं "हं". कपाला हात लागून चहा सांडला की मी टोमणा मारायचे, "लक्ष कुठंय? डोंगरावर?" ते उठून ओट्यावर जायचे. त्याने तर मी आणखीच पेटायचे.

त्यात शेजारची दिपमाला देवीला जाऊन आली आणि दारातूनच म्हणाली, "अक्का, तुमले काही ठाऊक शे का? डोंगर उतरताना भाऊना हात तिना खांदावर व्हता!"

तळपायाची आग मस्तकाला गेली. माझ्या खांद्यावर ह्या माणसाने चारचौघांत कधी हात ठेवला नव्हता. सिनेमाला गेलो तरी दोन पावलं पुढे चालणार!

दुसऱ्या दिवशी हे निघून गेल्यावर मी लग्नकार्याला नेसायची तांबडी साडी काढली. डोंगर चढायला कोणी अशी साडी नेसतं का? पण त्या बाईला दिसायला हवं होतं की बायको कोण आहे. मिळेल त्या जीपने पायथा गाठला. तिथे कनीजचा नवरा गफूर आपल्या रिक्षात पाय पसरून झोपला होता. दोघांना रोज तोच आणून सोडायचा.

"गफूरभाई, तुम्हाला काही वाटत नाही?" मी त्याला हलवून विचारलं.

"वाटतं ना भाभी. झोप आल्यासारखं वाटतं," तो म्हणाला आणि कूस बदलली. मेल्या, बायको वर दुसऱ्याला खांदा देतेय आणि तू घोर!

धापा टाकत माथ्यावर पोचले. दोघं एका खडकावर बसली होती, मध्ये पाण्याची बाटली. तोंड उघडणार तेवढ्यात कनीजचा आवाज आला, "शिकरा, एक!"

"शिकरा, एक!" हे म्हणाले आणि बटण दाबलं.

माझी हाक! घरातून नाहीशी झालेली माझी हाक इथे त्या बाईला मिळत होती. मी तिथेच उभी राहून ऐकू लागले आणि ऐकता ऐकता खटकलं. दर वेळी पहिली हाक तिचीच. पहिल्या हाकेचा मान ह्यांनी नोकरीत कोणाला दिला नव्हता. एवढ्यात एक गरुड अगदी त्यांच्या डोक्यावरून गेला, सावली खडकावरून सरकली. हे भलतीकडे बघत होते. मग त्यांनी तोंड वळवलं, सरळ माझ्याकडे. भर उन्हात, तांबड्या साडीत मी समोर उभी. त्यांनी बघितलं आणि पुन्हा आभाळाकडे तोंड केलं.

ठरवून आणलेल्या शिव्या राहिल्या बाजूला. ह्यांना मी दिसलेच नव्हते!

कनीजने मला पाहिलं होतं. ओठांवर बोट ठेवत ती उठली, "भाऊ, जरा पाय मोकळे करून येते," म्हणाली आणि मला करवंदीच्या जाळीआड घेऊन गेली.

"कधीपासून?" मी विचारलं.

"गेल्या हंगामापासून. डोळ्याची नस सुकतेय म्हणाले डॉक्टर. आहे तेवढी नजर टिकवायला थेंब घालायचे. ते मीच घालते."

"म्हणजे तुला सांगितलं त्यांनी!"

"नाही भाभी. घारीला गरुड म्हणाले. मी दुसरी हाक दिली नाही. तेव्हा कळलं दोघांना."

"आणि मला का नाही?"

तिने मान खाली घातली. "म्हणतात, ती ड्रायव्हरशी लग्न लावून आली, आंधळ्याशी नव्हे."

मला रडू यायला हवं होतं. आला तो हेवाच, आणि पहिल्यापेक्षा दुप्पट! एका छपराखाली राहून मला जे दिसलं नाही ते हिला दिसलं. माझ्या नवऱ्याच्या पापणीला हिची बोटं लागत होती आणि मी चहा सांडला म्हणून बोलत होते. सगळ्यात झोंबलं ते हे की, न बघता हाक देणं ज्याला गुन्हा वाटायचा तो माणूस हिच्या भरवशावर डोळे मिटून हाक देत होता.

"उतरताना पुढे मी चालते," मी म्हणाले. ह्यांच्या हाताला फरक कळू नये म्हणून कनीजने आपली ओढणी माझ्या खांद्यावर टाकली.

ऊन कलल्यावर हे उठले. सवयीने हात पुढे केला आणि माझ्या खांद्यावर ठेवला. केवढा भार होता त्या हाताचा! हा भार इतके दिवस तिने वाहिला, ह्याचाही मला रागच आला. कनीज पिशवी घेऊन मागून येत होती.

थोडं उतरल्यावर हे हळूच म्हणाले, "कनीजबाई, आमच्या कामिनीच्या कानावर जाऊ देऊ नका हं. घरात तिची नुसती चाहूल लागली तरी वाटतं, आता तिला कळेल."

मी मागे वळले नाही. समोर वाट बघितली आणि घरी देते तशी मोठ्याने हाक दिली, "दगड, डावीकडे!"

खांद्यावरचा हात दचकला. पाऊलही थांबलं. मी तशीच उभी राहिले.

मग मागून ह्यांचा आवाज आला, अगदी मोठ्याने, "दगड, डावीकडे!"