वाफा हलणार नाही

श्रीमती मगदूमबाईंची आणि माझी पहिली भेट गोड झाली, असं लिहायची अशा गौरवग्रंथात पद्धत असेल, पण ती तशी झाली नाही. कोल्हापुरातल्या आमच्या प्राथमिक शाळेत मी नवी शिक्षिका म्हणून रुजू झाले, त्या सकाळी पहिलीची सगळी पोरं चिखलाच्या हातांनी वर्गात शिरली. मी त्यांना रांगेत उभं करून दरडावलं. मागून मुख्याध्यापिका मगदूमबाई आल्या. त्यांच्याही हातांना चिखल होता. "हात मी मळवलेत त्यांचे. रागवायचं तर मला रागवा," म्हणाल्या आणि माझ्या हाती खुरपं दिलं. मला त्यांचा भयंकर राग आला होता, हे आज कबूल करते.

शाळेमागच्या चिंचोळ्या जागेत बाईंनी मुळा, मेथी, आंबट चुका लावला होता. पोरं तिथं बिया मांडून बेरीज शिकत, वितीनं रोप मोजून पाटीवर लिहीत. "शाळा आहे की मळा?" असं पालकांपासून वरिष्ठांपर्यंत सगळे विचारीत. बाईंच्या जैन घरात कंदमूळ चालत नाही. नात्यातल्या एका आज्जींनी त्यांना झापलंच, "मुळा पिकवतीस व्हय गं?" बाई म्हणाल्या, "खात न्हाय आज्जी, शिकवते. महिन्या-सव्वा महिन्यात येतोय. पोरांना त्याहून जास्त दम धरवत न्हाय."

तेवढाही दम धरवत नसे. मुळा किती वाढला हे बघायला पोरं रोप उपटत आणि पुन्हा मातीत खोचून ठेवत. नेमकं तेच तपासणीच्या आदल्या दिवशी झालं. तपासणीचे साहेब आले तेव्हा अर्धा वाफा माना टाकून पडला होता. साहेबांना मागं नेऊच नका, असं मी बाईंना परोपरीनं विनवलं. बाईंनी त्यांना आधी तिथंच नेलं.

"हे काय शिक्षण म्हणायचं?" साहेब म्हणाले.

बाईंनी पहिलीतल्या शेवंताला पुढं बोलावलं. ती म्हणाली, "म्या तीनदा उपटून बघितलं. बारक्या मुळ्या तुटल्या, मग पाणी कशानं पिणार ते? ह्या शेजारच्याला हात लावला न्हाय, ते बघा कसं ताठ हाय की!"

"साहेब, हे मी तिला सांगितलेलं नाही," बाई म्हणाल्या.

साहेबांनी शेरेबुकात लिहिलं, 'बाग काढून जागा सपाट करावी.' बाईंनी त्याखाली लिहिलं, 'वाफा हलणार नाही,' आणि सही ठोकली. शिक्षा व्हायची ती झाली; बाईंची बदली गारगोटीकडच्या एका आडगावात झाली. जाताना बियांची पिशवी माझ्या हाती देऊन म्हणाल्या, "आता तुमचं तुम्ही बघा." तिथल्या मुरमाड जागेत त्यांनी पुन्हा वाफे काढले. इथं जिला चिखल सोसत नव्हता, ती मी बाग राखू लागले. पुढं जो साहेब आला, त्याला मी शेरेबुकातली तीच ओळ दाखवली.

मला दिवस गेले होते आणि अन्न जात नव्हतं, तेव्हा बाई एस.टी.नं चुक्याची जुडी घेऊन आल्या. भाजी केली, समोर बसून मला खायला लावली आणि संध्याकाळच्या गाडीनं परत गेल्या. दुसऱ्या दिवशी त्यांची शाळा होती.

आता बाईंच्या साठीचा सत्कार आमच्याच शाळेत व्हायचा आहे, आणि गौरव समितीनं मांडवाला जागा निवडली ती बागेची. "चार दिसांची तर गोष्ट हाय, भाजी पुन्हा लावता येतीय की," असं कार्यवाह मला म्हणाले. वाफ्यात सध्या पहिलीच्या पोरांचा पंधरा दिवसांचा मुळा आहे. बाईंना हे कळलं, तशी त्यांची चिठ्ठी आली: 'माझ्यासाठी पोरांचं रोप उपटणार असाल तर मी येत नाही. सत्काराची शाल दुकानात परत करा.'

समितीनं हा लेख मागून घेतला आहे, तेव्हा तो जसाच्या तसा छापावा. पोरं रोप उपटतात ती शिकण्यासाठी. आपल्याला ते उपटायचा काही अधिकार नाही. मगदूमबाईंना उदंड आयुष्य लाभो. त्यांचे गुडघे इतके ठणठणीत राहोत की शंभराव्या वर्षीही त्यांना पोरांच्या शेजारी उकिडवं बसता यावं. त्यांनी सत्काराला यायलाच हवं, आणि त्या येतील. मांडव रस्त्यावर घाला, नाहीतर माझ्या दारात घाला. वाफा हलणार नाही.