एकाच सकाळी भरलेल्या दाढा

जावेची जीभ तोंडात मावत नव्हती. हनुवटीखालची सूज फळीसारखी कडक झाली होती. लाळ गिळता येत नव्हती, ती ओठांवरून गळत होती. आडवं झालं की श्वास अडकायचा, म्हणून रिक्षात ती पुढे वाकून बसली. मी फडक्याने तिचं तोंड पुसत होते. पनवेलचं हॉस्पिटल येईपर्यंत तिने माझं मनगट सोडलं नाही.

हे सगळं एका दाढेमुळे. ती माझ्या धाकट्या दिराची बायको. चौदा वर्षांपूर्वी आम्ही दोघींनी एकाच सकाळी एकाच डॉक्टरकडून खालची एकेक दाढ भरून घेतली होती. वर्षातून एकदा दाखवून जा, असं तो म्हणाला होता. दुखत नव्हतं, म्हणून आम्ही कधी गेलो नाही.

आमची होडी आहे. दर वर्षी नारळी पुनवेआधी ती काठावर ओढतात, फळ्यांच्या फटींतला जुना कापूस उपसतात आणि पाणी आत शिरू नये म्हणून तेलात भिजवलेला नवा ठोकतात. जुना चांगला दिसला तरी काढतात. लग्न होऊन आले तेव्हापासून हे बघते आहे. दाढेतलं सिमेंट मात्र आम्ही दगड समजलो. जाळं शिवताना नायलॉनचा दोरा त्याच दाढेने तोडायचो.

एका दुपारी जाळं शिवताना ती थुंकली आणि तळहात पुढे केला. तांदळाएवढा तुकडा होता.

"वयनी, दाढेतला पडला."

"गिळला नाय ना? मंग झालं."

"पानी लागलं का कळ मारते."

"लाडाची दाढ हाय तुजी. दोरा माज्याकडं दे, मी तोडते."

"तुजीबी तेवढीच म्हातारी हाय गो," ती हसून म्हणाली.

मी तिला लवंग दिली. महिन्याभराने गाल सुजला. डॉक्टरकडे जाते म्हणाली. मी म्हटलं, बोंबील वाळत घातलेत, ते उचलू, मग जा. ती माझं ऐकायची. बोंबील उचलायला तीन दिवस लागले.

हॉस्पिटलात गळ्याला चीर देऊन पू काढला. विष अंगात भिनलं होतं. दोन दिवसांनी ती गेली.

बाराव्यानंतर मी त्याच दातांच्या डॉक्टरकडे गेले. वरून माझी दाढ धड दिसत होती. त्याने फोटो काढून दाखवला, कडेने काळी रेघ होती. "हे भरलेलंही थकतं, आजी," तो म्हणाला. "गरम चहा, गार पाणी, रोजचं चावणं. आत बारीक भेगा पडतात, कड सुटते, खाली कीड लागते. तुमचंही सुटलंय."

त्याने जुनं काढलं, दाढ साफ केली, पुन्हा भरली. दोरा आता मी कात्रीने कापते.

दोघींच्या दाढा सारख्याच जुन्या होत्या. ती गेली. मी आहे.